शोकठराव कोणासाठी?



विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले की शोकप्रस्ताव येतो. मधल्या काळात जे आजी-माजी आमदार, मंत्री वारले त्यांची नावे वाचतात. पुढारी चार शब्द बोलतात. सगळे सदस्य उभे राहून स्तब्ध राहतात. हे सगळे कामकाजात नोंदले जाते, घरच्यांना कळवले जाते. यात वाईट काही नाही. गेलेल्या माणसाला मान द्यावा ही आपलीही रीत आहे.

आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या सभागृहाकडे चालत निघालेला आपला माणूस वाटेत मेला, तर त्याचा ठराव कोणी करायचा?

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. तेव्हा अधिवेशन चालू होते. मागण्यांत कांद्याचा भाव होता, तशी कसत्या वनजमिनीची मालकीही होती. सरकारने बोलणी केली, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केले. मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला होता. त्या मुक्कामात तब्येत बिघडून मोर्चातला एक शेतकरी गेला. मुख्यमंत्र्यांनी घरच्यांना ५ लाखांची मदत जाहीर केली. मदत मिळायलाच पाहिजे. पण माणूस मदतीसाठी घरून निघाला नव्हता. तो मागणी घेऊन निघाला होता, आणि मागणी मेलेली नाही.

मोर्च्यात जातात त्यांचे तरी पेपरात येते. दाव्याची वाट बघत घरीच गेलेले किती आहेत, ते आपापल्या पाड्यात मोजा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा ज्यांनी नमुना अ भरला, दंडाच्या पावत्या जोडल्या, प्रांताच्या कचेरीत खेपा घातल्या, त्यातले बरेच म्हातारे आता नाहीत. फाईल आहे, माणूस नाही.

साहेब लोकांना वाटते, एक अर्जदार कमी झाला. आम्ही म्हणतो, एक पुरावा गेला. कायद्याच्या नियम १३ मध्ये लिहिले आहे की दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात आहे हे दाखवावे लागते. आज जो तीस वर्षांचा आहे तो तेव्हा पोरगा होता. तो काय सांगणार? सांगणारे म्हातारे आहेत, आणि दाव्याला जेवढा उशीर तेवढे ते कमी होतात. म्हणून उशीर म्हणजे नुसता उशीर नाही, तो पुरावा नष्ट करणे आहे.

सभागृहाला आमचा मान करायचा असेल तर आम्हाला दोन मिनिटांची शांतता नको. असा ठराव करा: ज्या दाव्यातला दावेदार वारला आहे तो दावा आधी घ्या, वारसांची नावे लावा, तारीख ठरवून निकाल द्या. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. मिळालेला वनहक्क वारसाकडे जातो, नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदला जातो, हे कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. मग चालू दाव्यात वारस लावायला अडचण कसली? संसदेने केलेल्या कायद्याचा अंमल मागतो, दान मागत नाही.

आणि सभागृहाच्या भरवशावर आपणही बसू नये. ठराव करायचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. येत्या ग्रामसभेत आपण हे करू:

एक, दाव्याची वाट बघत वारलेल्या प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचून, उभे राहून, ठराववहीत लिहायचे. बायांची नावे सोडायची नाहीत. जमीन त्यांनीही कसली आहे.

दोन, प्रत्येक नावापुढे दाव्याचा नंबर आणि वारसांची नावे लिहायची. विधवेचे नाव पहिले. ठरावाची नक्कल वनहक्क समितीमार्फत प्रांताकडे द्यायची आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर दिले असे धरू नका.

तीन, जे म्हातारे आज आहेत त्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्यायचे. कोणते शेत कोण कधीपासून कसतो, बांध कोणी घातला, आंब्याचे झाड कोणी लावले, फॉरेस्टवाल्यांनी कधी पीक मोडले, सगळे. अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार, तारीख. एका दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून जबाबाबरोबर पावती, पंचनामा, जे असेल ते जोडा.

हा आपला शोकठराव. सभागृह त्यांचा करेल तेव्हा करेल. आपल्या वहीतल्या ठरावाने मेलेल्याचे नाव जमिनीशी जोडलेले राहील, आणि त्याच्या पोरांना विचारणारा साहेब आला तर दाखवायला कागद असेल.

जिंदाबाद!