चित्र खरे की चाक खरे?

दिवाळीच्या चार दिवस आधी भाच्याने मला संगणकाच्या दुकानात ओढून नेले. मोटारशर्यतीचा 'अगदी खराखुरा' खेळ घ्यावयाचा होता. दुकानदाराने पडद्यावर एक मोटार सोडली. ओल्या रस्त्यात मावळतीचे आभाळ उतरलेले, काचेवरचे थेंब मोजून घ्यावेत असे. "मामा, बघा किती खरे आहे!" भाचा म्हणाला. मी पाहिले. मोटार ताशी दोनशेच्या वेगाने वळणात शिरली, ब्रेकला पाय न लावता कठड्याला घासली आणि पूर्वीच्याच दिमाखात पुढे निघाली. याला खरे म्हणावयाचे, तर आमच्या अंगणातल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळाही खराच!

आमचे भांडण आहे ते या 'खऱ्या'शी. खरेपणा चित्रात नसतो. तो टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीत असतो. टायरजवळची पकड म्हणजे कारकुनाचा पगार. ब्रेकवर उधळली की वळावयास उरत नाही. भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात आणि मोटारीची पाठ बाहेर फेकली जाते. हा हिशेब चोख ठेवणारा खेळ खरा. बाकी सारी रोषणाई.

पॅपिरस कंपनीचा 'ग्रां प्री लेजंड्स' हा खेळ 1998 सालचा. त्यातल्या मोटारी 1967 च्या हंगामातल्या, रस्त्यावर दाबून धरणारे पंख नसलेल्या. चित्रे आज पुठ्ठ्याची वाटतील. पण नवशिक्याला एक फेरी धड पुरी करू देत नाहीत, आणि जुने खेळाडू अजून त्याचे नाव आदराने काढतात. त्याचे एक कर्ते डेव्ह केमर पुढे 'आयरेसिंग'च्या संस्थापकांत होते. 2008 मध्ये आलेल्या त्या खेळात धावमार्ग लेसरने मोजून घेतलेले आहेत.

मग तोच घ्यावा काय? मुळीच नव्हे. त्याला वर्गणी पडते, शिवाय पुष्कळशा मोटारी आणि मार्ग सुटे विकत घ्यावे लागतात. जिवंत प्रतिस्पर्ध्यांशी शिस्तीत झुंजणाऱ्याला ते परवडेल. कॉलेजातल्या पोराला इटलीच्या कुनोस सिम्युलात्सिओनीचा, 2014 चा 'असेट्टो कोर्सा' पुरे. साध्या संगणकावर चालतो, आणि पकडीच्या हिशेबात लबाडी करीत नाही.

वाचलेला पैसा मात्र चकचकीत चित्रांच्या कार्डावर घालू नका. तो स्टिअरिंगच्या चाकात आणि पेडलांत घाला. आपली खुर्ची जागची हलत नाही, तेव्हा शरीराला निरोप पोचतो तो हातांतूनच. पुढचे टायर घसरू लागले की चांगले चाक हातात एकाएकी हलके पडते. डोळ्यांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कळफलकावर खेळणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. कळ दाबलेली असते किंवा नसते. पाऊण ब्रेक तिला ठाऊक नाही. त्याने खुशाल गमतीचा खेळ घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

"पण मामा, खेळच ना शेवटी?" हे आमच्या भाच्याचे ब्रह्मास्त्र. अरे, गमतीचा खेळ गमतीचा म्हणून खेळ, कोण अडवतो? पण पुढच्या वर्षी तुला अठरावे लागेल, परवाना मिळेल, आणि पावसाळ्यात तू घाटात गाडी घालशील. कठड्याला घासूनही पळणाऱ्या मोटारीला तू 'खरी' समजून बसलास, तर तुझी आई रात्री दाराशी बसून राहील, तिला काय सांगू?

शेवटी चाकच आले. जेवणाच्या टेबलाला आवळून बसवले. बहिणीने कुरकुरत फराळाची ताटे जमिनीवर मांडली. तिसऱ्याच वळणावर भाच्याची मोटार गरकन फिरून गवतात गेली.

"मामा, मागचे चाक कसे सुटले?"

"पाय का उचललास?"

त्याने पुन्हा सुरुवात केली. चकली तशीच हातात होती. ती त्याने माझ्याकडे दिली.