टाकी नवी नको, गळती थांबवा



गावोगावच्या नळयोजना म्हाताऱ्या झाल्या. व्हॉल्व्ह गळतात, फुटक्या पाइपात गटार शिरते. दुरुस्तीचा अर्ज नेला की साहेब म्हणतात, नवी योजना मागा! 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी घरात देण्याचे ठरवले. जुन्या योजनांची सुधारणाही त्यात बसते. मुदत 2024 ची होती, ती 2028 पर्यंत लांबली. नळ मोजले, पाणी कोण मोजणार? दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईने पुन्हा हंडा घेऊन विहिरीवर का जावे?

आम्ही दुरुस्तीचा निधी मागतो, मेहेरबानी नव्हे. आपणही पाणीपट्टी थकवू नये. ग्रामसभेत ठराव करा, गळतीच्या जागा लिहा, नकला घेऊन जिल्हा बैठकीला या. तोंडी तक्रार हवेत विरते. ठराव कागदावर राहतो.