पाणी कमी, लोकल फास्ट!

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘एएफआय’ अशी तीन अक्षरं आणि पुढे एक आकडा. डॉक्टर म्हणतात, ‘पाणी जरा कमी वाटतंय’. झालं! घरात युद्धपातळीवर कामं सुरू. सासूबाई रोज दोन शहाळी मागवतात, आईचा दर तासाला फोन, नवरा रात्री दोनपर्यंत इंटरनेट पालथं घालतो. आणि जिचं पोट आहे तिच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं, सोमवारचं प्रेझेंटेशन कोण करणार?

तर मंडळी, आधी हे पाणी म्हणजे काय ते बघू. बाळ ज्यात तरंगतं ते गर्भजल. पाचव्या महिन्यानंतर त्यातला मोठा भाग असतो चक्क बाळाची शू! बाळ ते पाणी गिळतं, पुन्हा शू करतं, असं चक्र चालू असतं. म्हणून पाणी कमी होणं हा आजार नाही, ती एक खूण आहे. कारण शोधावं लागतं. वारेतून बाळाला पुरेसं रक्त मिळत नसेल, पिशवीला चीर पडून पाणी गळत असेल, बाळाच्या किडनीत दोष असेल, तारीख उलटून गेली असेल किंवा आईच्याच शरीरात पाणी कमी असेल.

आता तो आकडा. पोटाचे चार भाग धरून प्रत्येकातला पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा मोजतात आणि बेरीज करतात. ती साधारण ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आली की पाणी कमी. दुसरी पद्धत एकच सगळ्यात खोल कप्पा मोजायची, तिथे मर्यादा २ सेंटिमीटरची. २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात या दोन्हींची तुलना झाली. चार कप्प्यांच्या पद्धतीने जास्त जणींवर ‘कमी’चा शिक्का बसतो, मुद्दाम कळा आणणं वाढतं, बाळाला मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही. तेव्हा घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा, खोल कप्पा किती आहे? बाळाची वाढ आणि डॉपलर कसं आहे?

आणि उपचार? पाणी पिण्याने फरक पडतो, ही आजीची समजूत नाही. २००२च्या कॉक्रेन आढाव्यातल्या छोट्या अभ्यासांत दोन लिटर पाणी प्यायल्यावर एएफआय वाढलेला दिसला. पण त्याने बाळाचं भलं होतंच, हे सिद्ध झालं नाही. शहाळ्यात जादू नाही, ते चवदार पाणी आहे, इतकंच. दिवस भरले असतील तर बहुतेक वेळा डॉक्टर कळा आणून बाळंतपण उरकायचा सल्ला देतात. दिवस कमी असतील तर वारंवार तपासणी करत बाळाला पोटात जमेल तितका वेळ देतात. पाणी गळतंय असं वाटलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर शहाळं सोलत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता आपल्या पट्ट्याची खास गोष्ट. कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर. लोकलमध्ये टॉयलेट नाही आणि स्टेशनवरच्या टॉयलेटबद्दल न बोललेलंच बरं. त्यामुळे ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या पोरींनी वर्षानुवर्षं एक सोपा उपाय शोधलाय, निघताना पाणीच प्यायचं नाही! गरोदरपणातही तीच सवय चालू राहते. वर गर्दीत उभं राहून पाठ दुखली की पर्समधली पेनकिलर. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळा, असं अमेरिकेच्या एफडीएने २०२०मध्ये सांगितलं. कारण त्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन हेच पाणी कमी होऊ शकतं. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

मग करायचं काय? गटागट नको, दिवसभर थोडं थोडं प्या. शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळून मागेपुढे जा. आणि रजेचं गणित पुन्हा मांडा. २०१७पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ‘सगळी रजा नंतरच घेईन’ म्हणत नवव्या महिन्यातही दारात लटकणाऱ्या कितीतरी जणी आपण रोज बघतो. त्यांना शाबासकी नको, बसायला जागा द्या.

तपासणीचा खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. कामवाल्या ताईंनाही सांगा.

आणि ऑफिसात ‘मला दर तासाला उठावं लागेल’ हे सांगताना लाजू नका. बॉस तुम्हीच असाल, तर तिच्यावर हे सांगायची वेळच आणू नका.