दहा रुपयांसाठी कोण भांडणार?



बारावीतल्या एका मुलीचे अब्बा परवा आमच्याकडे आले. लेकीने वकील व्हायचा हट्ट धरलेला. म्हणाले, "कोर्टात काय, बांधाची भांडणं नाहीतर तलाक. आमची पोरगी त्यात कशाला?"

आम्ही विचारले, "2019 च्या महापुरानंतर घर बांधलंत. सिमेंटच्या पोत्यामागे कुणी दहा रुपये जास्त घेतले असते, तर दावा लावला असता?"

ते हसले. "दहा रुपयांसाठी कोण भांडणार?"

नेमके हेच. एकट्याचे दहा रुपये म्हणजे काही नाही; लाखो पोत्यांवरचे दहा रुपये म्हणजे कोट्यवधींची लूट. भाव सारखा असणे गैर नाही, पण कंपन्यांनी आपसात संगनमत करून तो ठरवणे 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 ने बेकायदा आहे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये 11 सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. 2015 मध्ये तो आदेश रद्द झाला. कारण? ज्यांनी युक्तिवाद ऐकला नव्हता, त्या अध्यक्षांची आदेशावर सही होती. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली, 2016 मध्ये पुन्हा दंड लावला. 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या वकिलीत सब्र किती लागतो, ते यावरून कळावे.

दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी कलम 53 एन आहे. एकाच प्रकारे नाडलेल्या अनेकांच्या वतीने, न्यायाधिकरणाच्या परवानगीने, काही जण भरपाई मागू शकतात. अशा वकिलाचे निम्मे काम कोर्टाबाहेरचे असते. बैठकींची टिपणे तपासायची, महिन्या-महिन्याचे भाव ताडून पाहायचे. म्हणून ज्या मुलांना कायद्याइतकेच अर्थशास्त्र आणि हिशेब आवडतात, त्यांनी इकडे वळावे.

वाट लांब आहे, हे लपवणार नाही. सीईटी देऊन बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिक्षण. कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज आहे. स्पर्धा कायद्याचे काम मुख्यतः दिल्ली-मुंबईत चालते. पण सुरुवात घराजवळ करता येते. ग्राहक कायद्यातही सारखी तक्रार असलेल्या अनेकांसाठी एकत्र दाद मागता येते. शिवाय ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे.

आपल्याला तर हा विषय परका वाटूच नये. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, आणि भाव चढावा म्हणून धान्य दाबून ठेवणे हदीसमध्ये गुनाह ठरले आहे. बाजारातला इन्साफ हा दीनचाच भाग आहे.

अब्बा उठता उठता म्हणाले, "तिच्या अम्मीशी बोलतो. सीईटीचा फॉर्म कधी निघतो?"

तारीख बघून कळवतो, असे आम्ही म्हटले. दहा रुपयांसाठी भांडणारे कुणीतरी आपल्या घरातूनही निघावे, इन्शाअल्लाह.