सवड कोणाची?

‘घरी बसून डिझाइन करतेस, सवडीचे काम!’ असे बाईला सगळेच ऐकवतात. पण ही सवड गिऱ्हाइकाची. दिवाळीआधी चार कामे एकदम, ‘उद्या सकाळी हवे’. नंतर दोन महिने शुकशुकाट. २०१७ साली बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तीही हिला नाही. ही कोणाची नोकर थोडीच!

मैत्रिणींनो, ‘वेळेचे नियोजन शिक’ हा उपदेश पुरे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. तेव्हा नोंदणी करा, आगाऊ रक्कम घ्या, अर्जंट कामाला दीडपट दर लावा. एकटीने लावला तर काम दुसरीकडे जाते. म्हणून दर सगळ्यांनी मिळून ठरवा.