काय घेतलं, तेवढं सांगा

मुंबईत अंमली पदार्थांची बातमी येते ती किलोंच्या आणि कोटींच्या हिशेबात. ऑगस्ट २०२२ मध्ये पोलिसांच्या अंमली पदार्थविरोधी कक्षाच्या वरळी युनिटने नालासोपाऱ्यात सातशे किलोंहून जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडलं. किंमत सांगितली गेली चौदाशे कोटी. मथळे झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण त्याच पावडरीची पुडी नाकाने ओढून कोसळलेला लालबागचा किंवा खेतवाडीचा एखादा मुलगा मध्यरात्री केईएमच्या कॅज्युअल्टीत आणला जातो, तेव्हा कुठे ओळही छापून येत नाही. आणणारे दोघं-तिघं मित्र असतात, क्वचित शेजारचे काका. डॉक्टर विचारतात, याने काय घेतलंय? उत्तर ठरलेलं असतं: काही नाही डॉक्टर, चक्कर येऊन पडला, सकाळपासून जेवला नव्हता. बोलता बोलता मित्र दाराकडे सरकतात. मागून आई येते. ती शपथेवर सांगते की माझा मुलगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही.

या उत्तरापायी जीव जातात. ते कसे जातात हे गिरगावपासून परळपर्यंतच्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं.

आपल्या लेखी सगळी नशा सारखीच. शरीराच्या लेखी ही वेगवेगळी विषं आहेत आणि त्यांचे उतारे वेगळे, कधी तर एकमेकांच्या अगदी उलट. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ही अफूच्या घराण्यातली. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन त्याच घराण्यातलं आणि दुखण्यावर दिलं जाणारं ट्रॅमाडॉल त्यांच्याच नात्यातलं. कोडीन यकृतात पोचलं की त्याच्या काही भागाचं मॉर्फीन होतं. किती होतं ते माणसागणिक बदलतं. एकाच बाटलीतलं अर्धं अर्धं पिऊन एक जण नुसता पेंगतो आणि दुसऱ्याचा श्वास मंदावतो, त्याचं एक कारण हे. ही औषधं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच गुंगवतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पण मेंदूला श्वास घ्यायची घाई वाटत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक ठिपक्याएवढ्या होतात. ओठ आणि नखं निळसर पडतात. मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेणारं माणूस सात-आठवर येतं, मग चार-पाचवर. घशातून घरघर ऐकू येते. खोलीतली मंडळी म्हणतात, घोरतोय, गाढ झोप लागलीय, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. तो आवाज झोपेचा नसतो. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडल्याचा असतो. सकाळी चहाला उठवायला जावं तर अंग गार.

या विषाला उतारा आहे. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन शिरेतून दिलं की काही मिनिटांत श्वास परत येतो, तोंडावर रंग येतो, मुलगा डोळे उघडून बोलायला लागतो. इथे दुसरी चूक होते. नॅलॉक्सोनचा जोर अर्धा तास ते दीड तास टिकतो आणि आतलं विष त्याहून जास्त वेळ राहू शकतं. 'आता बरा आहे, पोलिसांची भानगड नको' म्हणून नातलगांनी सही करून त्याला टॅक्सीत घातलं, तर टिळक पूल ओलांडेपर्यंत तो पुन्हा मंदावू शकतो. डॉक्टर चार-सहा तास थांबा म्हणतात, ते बिल वाढवायला नाही.

दुसरं विष झोपेच्या गोळ्यांचं. रस्त्यावर त्यांना बटण म्हणतात, मालेगावकडे कुत्ता गोळी. आत असतं नायट्राझेपॅम किंवा अल्प्राझोलॅम. एकट्या या गोळ्या सहसा जीव घेत नाहीत. दारूबरोबर किंवा कोडीनबरोबर घेतल्या की घेतात, आणि नशेसाठी घेणारा त्या एकट्या क्वचितच घेतो. यांनाही उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण महिनोन्‌महिने रोज गोळ्या खाणाऱ्याला तो दिला तर फिट येऊ शकते. म्हणजे काय घेतलं एवढं सांगून भागत नाही. कधीपासून घेतो, आणि त्यावर आज आणखी काय घेतलं, हेही डॉक्टरला कळायला हवं.

एमडीचा प्रकार याच्या उलटा. मेफेड्रोन हा पदार्थ १९२९ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता. पुढची सत्तरेक वर्षं त्याची कुणाला आठवण नव्हती. तो मेंदूतली डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही द्रव्यं एकदम बाहेर काढतो. मजा दोन-तीन तासांत ओसरते, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढलं जातं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंग भट्टी होतं, जबडा आवळतो, मग कुणीतरी मारायला येतंय असे भास सुरू होतात. अशा मुलाला चार जणांनी पालथं दाबून धरणं हे सगळ्यांत घातक. धडपडीने अंगातली उष्णता आणखी वाढते. एमडीला उतारा नाही. अंग गार करायचं, सलाइन लावायचं आणि शांत करायला इंजेक्शन द्यायचं ते बटणाच्याच जातीच्या औषधाचं. गर्द पिऊन श्वास मंदावलेल्याला जे औषध पुरतं बुडवेल, तेच एमडीवाल्याला वाचवतं. आणि लघवीच्या नेहमीच्या पट्टीत मेफेड्रोन बऱ्याचदा सापडतच नाही. पहाटे दोन वाजता, समोर बेशुद्ध मुलगा आणि बरोबरचे सगळे गप्प, अशा वेळी त्या निवासी डॉक्टरने काय ओळखावं?

मुलगा गेलाच तर व्हिसेरा राखून ठेवला जातो, तो कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, आणि काही महिन्यांनी आलेला अहवाल पोलिसांच्या फायलीला लागतो. खरं तर त्या अहवालातून शहरातल्या डॉक्टरांना कळायला हवं की या महिन्यात पुड्यांमध्ये नवीन काय येतंय. युरोपात असे नवे पदार्थ दिसले की इस्पितळांना आणि प्रयोगशाळांना सावध करणारी व्यवस्था १९९७ पासून चालू आहे. तिथे मेफेड्रोन लवकर ओळखलं गेलं. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधली पाच वर्षं मुंबईत म्याव म्याव या लाडक्या नावाने ते कॉलेजांच्या दारापर्यंत पोचलं आणि पोलिसांच्या हातात कलम नव्हतं.

असा उशीर लालबाग-परळच्या वस्तीने आधीही भोगलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्याच सुमारास सरहद्दीपलीकडून येणारी ब्राउन शुगर शहरात पसरत होती. घरातला पगार थांबला आणि नाक्यावर पन्नीवरचा धूर सुरू झाला. कायदा आला १९८५ मध्ये. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहून हे सगळं मध्यमवर्गाच्या दारात आणून ठेवलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. मुंबईच्या कितीतरी मुलांना तिथे माणूस म्हणून वागवलं गेलं. चाळीत मात्र तो गर्दुल्लाच राहिला. चाळीस वर्षं होत आली तरी आपण तिथून फार हललेलो नाही. घराण्याचं नाव जाईल, बहिणीचं लग्न मोडेल, म्हणून अजूनही मृत्यूच्या दाखल्यावर 'हार्ट अटॅक' लिहून मिळावं अशी गळ घातली जाते.

औषधांच्या दुकानांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. १ मार्च २०१४ पासून कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलॅम, नायट्राझेपॅम ही औषधं अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. बहुतेक दुकानदार हे पाळतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत जे थोडे पाळत नाहीत, त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला कुणी शोधून न्यावं लागत नाही, साऱ्या नाक्याला ते दुकान माहीत असतं. नाक्याला माहीत असलेलं दुकान अन्न व औषध प्रशासनाला माहीत नसावं, हे मान्य करण्यासारखं नाही. घरातलंही बघा. आजोबा वारल्यावर त्यांच्या झोपेच्या गोळ्यांची उरलेली पाकिटं कपाटात किती वर्षं पडून असतात? नातवाची पहिली गोळी तिथून येऊ शकते.

मात्र नियंत्रणाच्या नावाखाली औषधच बंद करून टाका, ही मागणी आम्ही करणार नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फीन लागतं. १९८५ च्या कायद्याने ते इतकं अवघड करून ठेवलं होतं की वेदनेने तळमळणाऱ्यांना ते वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी केली. ती पुन्हा बंद होता कामा नये.

आणखी एका ठिकाणी मरण दबा धरून बसलेलं असतं: सुटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत. आर्थर रोड तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून दोन-तीन महिन्यांनी बाहेर आलेल्या माणसाच्या शरीराची सवय गेलेली असते. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, त्याने कशीबशी सोसलेली असते. एखाद्या संध्याकाळी जुना मित्र भेटतो, जुन्याच मापाची पुडी समोर येते, आणि पूर्वी पचणारं ते माप आता श्वास थांबवतं. सुटताना त्याला आणि त्याच्या घरच्यांना ही गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. त्याला खर्च काही लागत नाही.

आता कायद्याचं. लोक खोटं बोलतात ते पोलिसांच्या भीतीने, आणि ती भीती निराधार नाही. विषबाधेचा रुग्ण आला की पोलिसांना कळवावं लागतं; जबाब होतो. पण अंमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ किती जणांना माहीत आहे? सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पुरे करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. हे कलम प्रत्येक पालिका रुग्णालयाच्या भिंतीवर ठळक मराठीत लागायला हवं. नशेत कोसळलेल्याला रुग्णालयात घेऊन येणाऱ्या मित्रासाठी मात्र काहीच नाही. रस्त्यावर अपघातात सापडलेल्याला उचलून नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. श्वास थांबत आलेल्या दोस्ताला खांद्यावर टाकून केईएमला आणणाऱ्यालाही तेच संरक्षण हवं. संसदेत हा मुद्दा मुंबईच्या खासदारांनीच मांडावा. नॅलॉक्सोन रुग्णालयाच्या कपाटात ठेवून भागणार नाही. ज्यांच्यासमोर असे प्रसंग घडू शकतात त्यांच्या हाती ते द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे. निदान प्रत्येक १०८ गाडीत ते असेल आणि वापरायचं कसं ते गाडीतल्या माणसाला येत असेल, एवढी हमी राज्य सरकारने द्यावी.

शेवटचं मागणं लालबाग, परळ, दादर, गिरगावच्या गणेशोत्सव मंडळांकडे आणि व्यायामशाळांकडे. व्यायामशाळांना मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे मेफेंटरमिन. भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठीचं हे इंजेक्शन, आता जोर चढावा म्हणून पोरं दंडात टोचून घेतात आणि त्यांचं हृदय बेताल होतं. मंडळांनी रक्तदान शिबिरं भरवून या शहराला जगवलं आहे. या वर्षी मंडपात आणखी एक फलक लावा. बेशुद्ध माणसाला उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा. तोंडात लिंबूपाणी, मीठपाणी, दही काही घालू नका, ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा. पुडी, गोळ्यांचं पाकीट, रिकामी बाटली जे सापडेल ते बरोबर न्या आणि डॉक्टरच्या हातात द्या. व्यसन सोडायचं असेल त्याच्यासाठी केंद्र सरकारचा क्रमांक १४४४६ आहे. या फोनला पैसे पडत नाहीत.