मोडीत काय काढायचे?

मागच्या माघात मायचे वर्षश्राद्ध झाले आणि घरात एक प्रश्न उभा राहिला. दादा म्हणाला, "पितळेच्या दोन घागरी, परात आणि ती पत्र्याची पेटी बाजारच्या दिवशी मोडीत घालू. नव्या घरात जागा कुठं हाय?" वहिनीला त्या पैशांत मिक्सर घ्यायचा होता. बाबा काहीच बोलले नाहीत. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ज्याला उत्तर सापडत नाही असा प्रश्न माझ्याकडे येतो.

घागरी विकायला हरकत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. आईची प्रत्येक वस्तू म्हणजे देव्हाऱ्यातला देव, असे आपण निबंधात लिहितो. पण माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी मायने स्वतःच्या कानातली फुले विकली होती, आणि त्या रात्री ती नेहमीसारखीच जेवली.

पेटीचे मात्र तसे नाही. विकण्यापूर्वी मी ती उघडली. वर माझी दहावीची गुणपत्रिका, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतला तळहाताएवढा आरसा. बचत गटाचे पासबुक, त्यावर तिचा अंगठा. आणि एक सुतळी, गाठीच गाठी मारलेली. दादाला वाटले, पेटी बांधायची असेल. मला ती ओळखू आली. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काटा झाला की दर पाच किलोला माय एक गाठ मारायची. आठवड्याच्या हिशेबाला मालक वही वाचायचा आणि ही सुतळी मोजायची. एकदा वहीत कमी निघाले. मायने गाठी मोजून दाखवल्या आणि मालकाला पैसे द्यावे लागले.

तळाशी साडीच्या चिंधीत तान्ह्या बाळाचे दोन चांदीचे वाळे निघाले. माझे नाहीत, दादाचेही नाहीत. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या आधी एक लेक झाली होती. महिन्याची होऊन गेली." मला एक बहीण होती, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. तिचे नाव काय ठेवले होते, ते बाबांना आठवेना. मायने फुले विकली, पण हे वाळे विकले नाहीत. तिला विचारायला हवे होते, पण पेटी उघडायची वेळच आली ती ती गेल्यावर.

बहिणाबाई चौधरींविषयी आपण वर्गात शिकतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग ती उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. यावर आपण परीक्षेत पाने भरतो. परंतु ती वही आई हयात असताना भरली गेली होती, याकडे आपले लक्ष जात नाही. (माझेही गेले नव्हते.) पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात साधे दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी मांडलेली आहेत. केळकरांनी लहानपणी वारलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. तिथे वस्तूपाशी चिठ्ठी असते. आमच्या पेटीची चिठ्ठी म्हणजे माय होती.

विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात आपणच पहिले शिकणारे आहोत, आणि बहुतेकांच्या आया अजून आहेत. सुट्टीत घरी गेलात की पेटी उघडायला सांगा, एकेक वस्तू हातात घेऊन विचारा आणि लिहून घ्या. आया प्रथम हसतील, "त्यात काय लिहायचं?" म्हणतील. तरी लिहा. गुरुजनांनाही एक विनंती आहे. या वार्षिकांकात थोर पुरुषांवर लेख दरवर्षी येतात, ते येऊ द्यावेत. पण चार पाने अशा नोंदींसाठी राखावीत. जवळ्याच्या बाजारात पितळेला किलोचा भाव मिळतो, गाठी मारलेली सुतळी कोणी तोलून घेत नाही.

घागरी गेल्या. मिक्सर आला, चांगला चालतो. पेटी माझ्या खाटेखाली आहे. त्या बाळंतपणात मायजवळ थोरली मावशी होती, ती दिवाळीला येणार आहे. मी वही घेतली आहे. पहिल्या पानावर वाळ्यांची नोंद केली असून त्यापुढे नावापुरती जागा कोरी सोडली आहे.